वसंतांतील बनिहालचा रस्ता

चैत्र-वैशाख हे महिने महाराष्ट्रांतील माणसाला हवेच्या बाबतींत फारसे चकवीत नाहींत. ऊन तापतें, आंबे पाडाला येतात, एखाद्या दुपारीं वळवाची सर वाजतगाजत येते, आणि तासाभरानें आकाश पुन्हां पूर्वींसारखें होतें. खंडाळ्याच्या घाटांतून मोटार नेणाऱ्याला भीति असते ती ज्येष्ठ-आषाढांतल्या पावसाची. आणि तो पाऊस न सांगतां येत नाहीं. त्याची वार्ता केरळापासून निघते, दिवसादिवसानें वर सरकते, आणि घाटमाथ्यावर पहिला काळा ढग टेकेपर्यंत सर्वांची तयारी झालेली असते. म्हणून 'वसंत' हा शब्द ऐकतांच मराठी मनापुढें कोकिळा, पालवी आणि मोगरा हींच उभीं राहतात. वसंत हा धोक्याचा ऋतु असूं शकेल, हें त्या मनाला सहसा सुचत नाहीं.

हिमालयांत मात्र वसंताचें हें दुसरें रूप नित्याचें आहे. जम्मूहून श्रीनगरास जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर हिवाळा उघड उघड शत्रु म्हणून येतो. बर्फ पडतो, रस्ता बंद होतो, माणसें घरीं बसतात. वसंतांत तसें नसतें. सकाळीं उधमपुरास कोवळें ऊन, दुपारीं रामबनला गारा, संध्याकाळीं बनिहालच्या माथ्यावर हिम, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां धुऊन काढल्यासारखें निळें आकाश, असा खेळ मार्च-एप्रिलभर चालतो. नेमक्या याच सुमारास श्रीनगरांत बदामाच्या बागा फुलतात, झबरवान डोंगराच्या पायथ्याशीं २००७ सालीं लोकांना खुली झालेली ट्यूलिपची बाग रंगांनीं भरून जाते, आणि परीक्षा आटोपलेलीं पुण्या-मुंबईचीं, नागपूर-नाशिकचीं कुटुंबें तिकडे निघतात. विमानानें उतरणारे पुष्कळ असले तरी जम्मूपर्यंत आगगाडीनें आणि तेथून भाड्याच्या मोटारीनें जाणारेहि थोडे नाहींत. कांहीं हौशी तर घरापासूनच स्वतःची गाडी घेऊन निघतात. खंडाळ्याच्या घाटांत हात बसला म्हणजे सारे घाट सारखेच, असा त्यांचा समज असतो. तो बनिहालच्या रस्त्यावर फार वेळ टिकत नाहीं.

काश्मिरी भाषेंत वसंताला 'सोंथ' म्हणतात. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत त्याची मुदत. या दोन महिन्यांत पाऊस आणणारा वारा आपला नैर्ऋत्येचा मोसमी वारा नव्हे. या पावसाचें माहेर दूर पश्चिमेला आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरांत हवेच्या कमी दाबाचीं क्षेत्रें तयार होतात, उंचावरून वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या ओघांत सांपडतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून पूर्वेकडे येतात, आणि हिमालयाची भिंत आडवी आली कीं आपलें ओझें तेथें उतरवितात. हवामानशास्त्रज्ञ यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. थंडींत पंजाबच्या गव्हाला वरचें पाणी मिळतें तें यांच्याच कृपेनें. एक झंझावात निघून गेला कीं चार दिवस उघडीप, मग दुसरा, असा त्यांचा क्रम असतो. पण त्या चार दिवसांचे कधीं दोन होतात आणि कधीं आठ. आज उपग्रहांच्या साहाय्यानें हवामान खातें त्यांची वर्दी कांहीं दिवस आधीं देऊं शकतें. परंतु पाऊस कोणत्या नाल्यावर पडेल व कोणत्या तासाला पडेल, हें डोंगराच्या बाबतींत नेमकें सांगणें अजूनहि अवघड आहे. डोंगराच्या एका बाजूस गारांचा खच पडलेला असतां दुसऱ्या बाजूस लोक कपडे वाळत घालीत असतात.

त्यांत उंचीची भर पडते. दर हजार मीटर वर चढलें कीं हवा सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते. जम्मू शहर समुद्रसपाटीपासून अवघें ३०० मीटरच्या आसपास. बनिहालची जुनी खिंड २,८०० मीटरहून उंच. म्हणजे एकाच ढगांतून पडणारें पाणी खालीं पाऊस असतें, मध्यें गार असते आणि वर हिम असतें. १६६५ सालीं औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर फ्रेंच वैद्य बर्निए हा जवळच्याच पीर पंजाल घाटानें काश्मिरांत गेला, तेव्हां एका तासाच्या आंत उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही भोगावयास मिळाल्याची नोंद त्यानें करून ठेविली आहे. बर्निएजवळ घोडा होता. मोटारींत बसलेल्या माणसाला हाच अनुभव अधिक वेगानें येतो, आणि कांचा मिटलेल्या असल्यामुळें फार उशिरां कळतो.

हा रस्ता मुळांत काश्मीरचा मुख्य रस्ता नव्हता. पूर्वीं बहुतेक प्रवासी रावळपिंडी, मरी व झेलमचें खोरें या वाटेनें बारामुल्लास जात. १९२२ सालीं महाराजा प्रतापसिंहांच्या कारकीर्दींत बनिहालचा गाडीरस्ता सर्वांना खुला झाला, तरी त्याची योग्यता दुय्यमच होती. १९४७ सालीं फाळणी झाली, झेलमची वाट तुटली, आणि या दुय्यम रस्त्यावर एकाएकीं सबंध खोऱ्याचा भार येऊन पडला. हिवाळ्यांत खिंड बर्फानें बुजत असल्यामुळें तिच्या पोटांतून जवाहर बोगदा खणण्यांत आला व तो १९५६ च्या डिसेंबरांत खुला झाला. पुढें साठ वर्षांनीं, २०१७ सालीं, चेनानी ते नाशरी हा ९ किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा बोगदा झाला. आणि २०२१ सालीं बनिहाल ते काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरांच्या आसपासचा बोगदा वाहतुकीस खुला झाला. पूर्वीं सुमारें ३०० किलोमीटर असलेल्या या वाटेंतील ३० किलोमीटर पहिल्यानें वाचविले व १६ किलोमीटर दुसऱ्यानें.

या बोगद्यांचें महत्त्व नुसत्या किलोमीटरांनीं मोजूं नये. पूर्वीं उधमपूर सोडलें कीं गाडीला कूद, पटनीटॉप आणि बटोट असा दोन हजार मीटरपर्यंतचा चढ चढावा लागे, आणि मार्च महिन्यांत तेथें हिम हटकून भेटे. देवदारांच्या सांवलींतील वळणावर रात्रींचें पाणी गोठून त्याचा आरशासारखा पातळ थर होई. तो डोळ्यांस दिसत नसे, चाकालाच कळे. आतां ही सारी उठाठेव डोंगराच्या पोटांतून दहा-पंधरा मिनिटांत संपते. बनिहालचा नवा बोगदाहि जुन्यापेक्षां सुमारें ४०० मीटर खालच्या पातळीवर आहे. त्यामुळें जुन्या बोगद्याच्या तोंडाशीं साचणारा बर्फ फावड्यांनीं उपसून वाट मोकळी होण्याची वाट पाहत बसावें लागत नाहीं.

मात्र बोगद्यानें एक नवी अडचण निर्माण केली आहे, आणि तिचा विचार फार थोडे लोक करतात. उघड्या रस्त्यानें डोंगर चढतांना हवा बदलत असल्याचें हळूहळू कळत जातें. वारा गार लागतो, झाडें बदलतात, ढग खालीं येतात. बोगद्यांत यांपैकीं कांहींच कळत नाहीं. दक्षिणेच्या तोंडांतून गाडी कोरड्या रस्त्यावरून आंत शिरते; आंत सारखा उजेड, सारखी उष्णता, सरळ वाट. ड्रायव्हरचा पाय सैल पडतो. आणि उत्तरेच्या तोंडाशीं गाडी बाहेर पडते ती भर पावसांत, धुक्यांत किंवा डोळे दिपविणाऱ्या उन्हांत. डोळे ठिकाणावर येण्यास कांहीं क्षण लागतात, आणि ओला रस्ता तर पहिल्याच क्षणाला चाकाखालीं येतो. जाणता ड्रायव्हर म्हणूनच पलीकडच्या उजेडाचा ठिपका दिसूं लागला कीं पाय काढतो, पुढच्या गाडीपासूनचें अंतर वाढवितो, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या टपांकडे पाहतो. टप ओला असेल तर पलीकडे पाऊस, पांढरा असेल तर हिम. वर्तमानपत्रांतील हवेच्या अंदाजापेक्षां ही बातमी ताजी असते.

असें असूनहि या रस्त्याचें खरें दुखणें या बोगद्यांनीं बरें केलेलें नाहीं. बर्फाचा प्रश्न पुष्कळसा सुटला. चिखलाचा व दगडाचा तसाच उरला आहे. नाशरीच्या पुढें रस्ता चिनाबच्या खोऱ्यांत उतरतो, रामबनला नदीच्या काठीं येतो, आणि तेथून बिशलरी नाल्याच्या कडेकडेनें रामसूवरून बनिहालकडे चढूं लागतो. रामबन ते बनिहाल हें अंतर ऐकावयास लहान आहे. परंतु सबंध प्रवासांतील काळजीचा मोठा वांटा या एवढ्याशा टप्प्यानें उचललेला आहे.

येथील डोंगर सह्याद्रीसारखा नाहीं. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याच्या थरांनीं घडलेला, कोट्यवधि वर्षांपूर्वीं थंड झालेला व बहुतेक ठिकाणीं घट्ट बसलेला आहे. हिमालय अजून वर उठतो आहे. भारताची भूमि उत्तरेकडे रेटा देतच आहे. या रेट्यांत रामबनच्या पलीकडचे खडक दुमडले, चिरडले, पानापानांनीं सुटले. पाटीच्या दगडासारखे त्यांचे थर हातानें उचकटतां येतात. अशा डोंगराचा उतार मोठ्या मुश्किलीनें आपला तोल संभाळून उभा असतो. त्यांतच रस्ता चार पदरी करण्यासाठीं गेल्या कांहीं वर्षांत या उतारांचे पाय ठिकठिकाणीं कापण्यांत आले. रुंद रस्त्याची गरज होती हें कोणी नाकारणार नाहीं. परंतु पाय कापल्यावर डोंगर पूर्वींसारखाच उभा राहील, अशी अपेक्षा करणें म्हणजे भिंतीचा पाया खणून छप्पर सरळ राहील असें मानणें होय.

वसंतांत या डोंगरावर तिन्ही बाजूंनीं पाण्याचा मारा होतो. वरच्या शिखरांवरील हिम वितळूं लागतें, आणि तें पाणी दिवसरात्र खालीं झिरपत असतें. मधूनमधून झंझावाताचा पाऊस त्याच भिजलेल्या मातीवर येऊन पडतो. आणि उंचावर रात्रीं अजून गोठण्याइतकी थंडी असल्यामुळें फटींत शिरलेलें पाणी गोठतें. पाणी गोठलें कीं तें सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें. तेवढ्या फुगवट्यानें फट रुंदावते, दगड जागचा हलतो, पण बर्फच त्याला धरूनहि ठेवतो. सकाळीं ऊन त्या कड्याला लागलें कीं पकड सुटते आणि दगड खालीं येतो. पाऊस नाहीं, वारा नाहीं, लख्ख ऊन पडलेलें. आणि अशा वेळीं उंचावरून सुटलेला नारळाएवढा दगड मोटारीचा पत्रा कागदासारखा फाडतो. तेथील लोक याला 'शूटिंग स्टोन' म्हणतात. पंथ्याल नांवाच्या जागीं ही दगडांची वृष्टि इतकी नित्याची होती कीं शेवटीं ती जागा टाळण्यासाठीं पाऊण किलोमीटरांहून अधिक लांबीचा बोगदा काढावा लागला. तो २०२३ च्या मार्चांत खुला झाला.

हिमालयाची वाट सह्याद्रीच्या माणसाला चकविते ती येथें. पाऊस थांबला, ऊन पडलें, म्हणजे संकट टळलें, ही महाराष्ट्रांतील घाटांत उपयोगी पडणारी समजूत येथें उलटी पडते. पाऊस पडत असतांना पाणी पुष्कळसें वरूनच वाहून जातें. जें मातींत मुरतें, तें खडकांच्या फटींतून खालीं उतरावयास तास घेतें, कधीं दिवसहि घेतें. तें आंत सांचतें, मातीचें वजन वाढवितें, कणांना एकमेकांपासून सुटें करितें, आणि मग केव्हां तरी, आकाशांत ढगाचा मागमूस नसतांना, उतार बसतो. म्हणून वादळानंतरची पहिली सुंदर सकाळ ही या रस्त्यावरील विशेष जपण्याची वेळ असते. आणि प्रवाशांची घाई सर्वांत अधिक असते तीहि त्याच सकाळीं.

२० एप्रिल २०२५ या दिवशीं रामबनच्या परिसरांत काय झालें, तें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. मुसळधार पावसानें व गारांनीं डोंगरांतील नाले एकाएकीं फुगले. दगड, माती, झाडें यांचे लोंढे घरांवर व बाजारावर आले; मोटारी चिखलांत गाडल्या गेल्या; धरमकुंड गांवांतून शंभराच्या आसपास लोकांना पोलिसांनीं बाहेर काढलें; तिघांचे प्राण गेले. महामार्ग अनेक ठिकाणीं तुटला वा बुजला, आणि दोन्ही बाजूंना शेंकडों वाहनें अडकून पडलीं. तारीख ध्यानांत घ्यावी. हा पौष नव्हता आणि श्रावणहि नव्हता. सहलींचा भर हंगाम होता.

या रस्त्यावर वर्षानुवर्षें गाडी चालविणारे ड्रायव्हर पुस्तकें वाचून शहाणे झालेले नसतात, पण डोंगर वाचण्याची त्यांची एक पद्धति असते. नाल्याचें पाणी सकाळीं स्वच्छ होतें आणि आतां गढूळ झालें, म्हणजे वर कोठें तरी माती सुटली आहे. तेंच पाणी वरून पाऊस चालू असतांना अचानक कमी झालें, तर तें त्याहूनहि वाईट. वरच्या अंगाला दरडीनें प्रवाह अडविला असून तो बांध केव्हां फुटेल याचा नेम नाहीं. रस्त्याच्या कडेला ताज्या फुटीचे, धूळ न बसलेले खडे दिसले कीं ते मान वर करून पाहतात. काल कोरड्या असलेल्या भिंतींतून आज पाण्याची धार निघाली आहे काय, विजेचा खांब किंवा झाड कललें आहे काय, हें त्यांना न पाहिल्यासारखें करूनहि दिसतें. उतारूंना वाटतें, हा माणूस उगाच इकडेतिकडे बघत गाडी चालवीत आहे.

गाडी हांकण्याच्या रीतीविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं, कारण ती घाटांच्या ड्रायव्हरांना सर्वत्र एकच असते. ज्या गिअरमध्यें चढ चढावा, त्याच गिअरमध्यें तो उतरावा. सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास ब्रेक तापतात आणि नेमके हवे तेव्हां काम देत नाहींत. अरुंद जागीं उतरणाऱ्यानें थांबावें व चढणाऱ्याला वाट द्यावी. हा केवळ शिष्टाचार नसून भारतांतील वाहतुकीचा नियमहि आहे. धुक्यांत दिव्याचा झोत खालीं ठेवावा, कारण वर टाकलेला उजेड धुक्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो. कड्याच्या खालीं किंवा नाल्याच्या पात्रांत गाडी उभी करूं नये. हा शेवटचा नियम शहाणीं माणसें मोडतात, कारण चित्र घेण्यासारखा देखावा नेमका तेथेंच असतो.

पण नियम ठाऊक असणें वेगळें आणि ते पाळूं दिले जाणें वेगळें. या रस्त्यावर पुष्कळ वेळां ड्रायव्हरला जें कळतें तें करूं न देणारी शक्ति गाडीच्या मागच्या बाकावर बसलेली असते. रामबनच्या अलीकडे वाहतूक पोलिसांनीं रांग अडविलेली आहे. मुलें कंटाळलीं आहेत, आजीबाईंना उलट्या झाल्या आहेत, श्रीनगरांतील हॉटेलाचे पैसे भरून झाले आहेत. दुपारीं दोनला ऊन पडतें, वाट सुटते, पुढच्या कांहीं गाड्या हलतात. ड्रायव्हर मात्र चहाच्या दुकानाशीं उभाच. कुटुंबप्रमुख विचारतात, "अहो, आतां तर लख्ख ऊन आहे, मग निघावयाला काय हरकत आहे?" तो म्हणतो, "साहेब, आकाश मोकळें झालें, पण डोंगर अजून ओला आहे. तासभर पाहूं." साहेबांना हा आळस वाटतो. ते प्रथम घड्याळ दाखवितात, मग नाराजी, आणि शेवटीं शंभर-दोनशें रुपये. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर गरीब असतो. मालकाचा फोन, गिऱ्हाइकाची नाराजी आणि हातांतली नोट यांच्यापुढें त्याचा वीस वर्षांचा अनुभव किती वेळ उभा राहणार? दरडीखालीं सांपडलेल्या गाडीची बातमी येते तेव्हां त्या गाडींत कोणी कोणास काय म्हटलें होतें, हें छापलें जात नाहीं.

घरच्या कर्त्या माणसानें यासाठीं जी तयारी करावयाची ती मोटारींत बसण्यापूर्वींची आहे. जातांना एक व येतांना एक असा मोकळा दिवस हातीं ठेवावा. ज्या संध्याकाळीं जम्मूस उतरावयाचें, त्याच रात्रींच्या आगगाडीचें आरक्षण करूं नये. वाहतूक पोलीस रोज रस्त्याची स्थिति आणि गाड्या सोडण्याच्या वेळा जाहीर करतात, त्या निघण्यापूर्वीं पाहाव्या. एप्रिल-मेमध्यें दुपारनंतर ढग दाटून येण्याचा संभव अधिक असल्यानें रामबन ते बनिहाल हा टप्पा दुपारपूर्वीं मागें टाकणें बरें. मार्चमध्यें मात्र फार पहांटेहि तेथें पोहोंचूं नये, कारण सांवलींतल्या वळणांवर रात्रींचा गोठा अजून सुटलेला नसतो. एक पांघरूण, पिण्याचें पाणी, कोरडा खाऊ, नित्याचीं औषधें आणि भरलेली टाकी, एवढें जवळ असलें म्हणजे रांगेंत काढावी लागलेली रात्र ही गैरसोय ठरते, आपत्ति ठरत नाहीं. आणि ज्याला दिवस मोकळा ठेवणें शक्यच नाहीं, त्यानें मोटारीचा नादच करूं नये. ६ जून २०२५ रोजीं कटरा ते श्रीनगर ही थेट आगगाडी सुरूं झाली आहे. ती चिनाब नदी ३५९ मीटर उंचीच्या पुलावरून ओलांडते व पीर पंजालच्या पोटांतून ११ किलोमीटरांच्या बोगद्यानें पलीकडे जाते. रस्त्यावरचा वसंत तिच्या खिडकींतून दिसत नाहीं, हें खरें. परंतु ज्याची नजर सतत घड्याळावर असते, त्याला तो मोटारींतूनहि कितीसा दिसणार?

ज्याच्याजवळ वेळ आहे, त्याला हा रस्ता वसंतांत पुष्कळ कांहीं देतो. एप्रिलच्या उत्तरार्धापासून गुज्जर-बकरवाल लोकांचे तांडे जम्मूकडील सखल कुरणें सोडून वरच्या कुरणांकडे निघतात. शेळ्या-मेंढ्यांचे कळप, ओझ्याचे घोडे, घोड्यावर बांधलेलें तान्हें मूल किंवा नुकतें जन्मलेलें कोकरूं, आणि भोंवतीं लांडग्याला न भिणारे मोठे कुत्रे, असा हा संसार महामार्गावरून चालत असतो. मोटारवाले भोंगा वाजवितात. मेंढ्या बिचकतात आणि वाट अधिकच अडते. वाजविणें थांबविलें तर मेंढपाळ आपण होऊन कळप कडेला घेतो. या लोकांना झंझावात कोठून येतो हें ठाऊक नसेल, पण अवेळीं पडलेल्या हिमानें कळपच्या कळप गारठल्याच्या आठवणी त्यांच्या घरोघरीं आहेत. त्यांचा तांडा भर दिवसा रस्ता सोडून एखाद्या सपाटीवर तंबू ठोकूं लागला, तर जाणता ड्रायव्हर त्याकडे दुर्लक्ष करीत नाहीं.

बनिहाल गांव मागें पडलें कीं शेवटचा बोगदा येतो. त्याच्या या तोंडाशीं उंच कडे, ओला कातळ, नाल्याचा गोंगाट. आणि पलीकडच्या तोंडाशीं काझीगुंड. तेथें एकदम जमीन सपाट होते. कोवळ्या पानांचे वाळुंज, सरळ उभे पॉपलर, आणि एप्रिलच्या आरंभीं दोहों बाजूंस मोहरीचीं पिवळीं शेतें. मागें वळून पाहिलें तर पीर पंजालच्या शिखरांवर पांढरें हिम आणि त्यावर सरकणाऱ्या ढगांच्या सांवल्या. उतारू खालीं उतरतात, पाय मोकळे करतात, चित्रें घेतात. ड्रायव्हर प्रथम चारहि टायर पाहतो, चाकाच्या खांचेंत अडकलेले खडे काढतो. मग खालीं जम्मूकडे जाण्याच्या बेतांत उभ्या असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ जाऊन तो त्याला बोगद्यापासून रामबनपर्यंतचा सारा रस्ता सांगतो. कोणत्या वळणावर ताजे खडे होते, कोणता नाला गढूळ होता, रांग कोठें लागली होती. तो दुसराहि त्याला श्रीनगरकडची हवा सांगतो. इतकें झाल्यावर मग चहा मागविला जातो.